फुकुओकात रात्री याताईवर कसं खायचं: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

पहिल्या रात्री मी याताईच्या पडद्याबाहेर पंधरा मिनिटं नुसता उभा होतो. आत आठ माणसं खांद्याला खांदा लावून बसलेली, मध्ये वाफ, वर धूर आणि सगळे लहानपणापासूनचे मित्र असावेत असा गलका. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात चोरून डोकावल्यासारखं वाटत होतं. पडद्याखालून माझे बूट दिसले असावेत. आतल्या एका काकांनी आपला ग्लास सरकवला, बाकावर हात थोपटला आणि मी आत गेलो. तासाभराने कळलं की त्या आठांपैकी फक्त दोघे एकमेकांना ओळखत होते.

याताई म्हणजे चाकांची खाण्याची गाडी. आपल्या भुर्जीपावच्या गाडीला छप्पर, बाक आणि कापडी भिंती लावल्या की साधारण तेच. फरक एवढाच की भुर्जीच्या गाडीपुढे आपण उभे असतो आणि इथे गाडीच्या आत बसतो. तीन मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद जागेत चूल, मालक, भांडी आणि आठ-दहा गिऱ्हाइकं. जपानच्या बाकीच्या शहरांतून अशा गाड्या जवळजवळ गेल्या. क्युशू बेटावरच्या फुकुओकात अजून शंभरेक आहेत.

त्या का टिकल्या हे थोडं माहीत असलेलं बरं, कारण बसल्यावर पाळायचे बरेच नियम तिथूनच आलेत. महायुद्धानंतर बेचिराख झालेल्या शहरात पोट भरायला लोकांनी या गाड्या लावल्या. पुढे रस्ते सुधारले, तशा तक्रारी सुरू झाल्या: घाण, वास, अडलेले फुटपाथ, वाटेल ते दर. नव्वदच्या दशकात ठरलं की परवाना चालू मालकापुरताच, त्याच्यामागे घरच्यांपलीकडे कुणाला नाही. म्हणजे गाड्या हळूहळू आपोआप संपणार. त्या संपायला लागल्यावर शहराला जाग आली. २०१३ साली महापालिकेने याताईसाठी स्वतंत्र नियमावली केली आणि पुढे अर्ज मागवून, निवड करून नव्या लोकांना जागा दिल्या. आज तुम्हाला दिसणारी गाडी टपरीसारखी दिसते, पण परवाना, पाणी, सांडपाणी, दरपत्रक असं सगळं तिला बांधलेलं असतं. परवाना ज्याच्या नावावर, त्यानेच चुलीपाशी उभं राहायचं. भाड्याने चालवायला देणं बंद.

आधी पोचा

ओसाकाहून शिंकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, अडीच तास, टोकियोहून पाच. स्टेशनचं नाव फुकुओका नाही, हाकाता आहे. याने बरेच जण गोंधळतात. नाका नदीच्या पूर्वेला व्यापाऱ्यांचं हाकाता आणि पश्चिमेला किल्ल्याभोवती सामुराईंचं फुकुओका, अशी दोन गावं १८८९ साली एक झाली. शहराला एकाचं नाव मिळालं, स्टेशनला दुसऱ्याचं. रामेनही, म्हणजे रश्श्यातल्या नूडल्सही, हाकाता रामेनच म्हणवतं.

विमानाने आलात तर विमानतळ अक्षरशः शहरात आहे. आंतरराष्ट्रीय टर्मिनलवरून फुकटच्या बसने देशांतर्गत टर्मिनलला या. त्याच्या खालीच सबवे आहे आणि हाकाता दुसराच स्टॉप. बाजाराच्या तेन्जिन भागात जायला दहा-बारा मिनिटं लागतात. बॅग आधी हॉटेलवर टाका. हे मी विनंती म्हणून सांगत नाही. चाकांची सुटकेस घेऊन याताईत शिरणं म्हणजे गर्दीच्या लोकलमध्ये गादी घेऊन चढण्यासारखं आहे.

कुठल्या भागात जायचं

तीन ठिकाणं आहेत.

नाकासु म्हणजे नदीकाठची रांग. पाण्यात निऑन दिव्यांचं प्रतिबिंब, लाल कंदील, सगळ्या फोटोंत दिसतं ते हेच. पर्यटक सर्वांत जास्त, रांगा मोठ्या, दरही थोडे चढे. एकदा फिरून या, फोटो काढा. बसायचंच असेल तर संध्याकाळी उघडताच बसा.

तेन्जिन हा बाजाराचा, ऑफिसांचा भाग. वातानाबे-दोरी या मोठ्या रस्त्याच्या फुटपाथवर गाड्या पांगलेल्या असतात. ऑफिस सुटलेले लोक इथे येतात. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी इथेच पाठवतो. गाड्यांमध्ये विविधता आहे, आणि एकीत जागा नसेल तर दुसरी दोन मिनिटांवर.

नागाहामा हा मासळीबाजाराजवळचा भाग, आकासाका स्टेशनवरून चालत दहाएक मिनिटं. मध्यंतरी इथल्या गाड्या जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या. २०२३ साली नव्या आल्या आणि रांग पुन्हा उभी राहिली. रामेनची जी पद्धत तुम्ही पुढे शिकणार आहात, तिचं हे माहेर आहे.

केव्हा

गाड्या दिवसा नसतातच. संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास त्या जवळच्या पार्किंगमधून ओढून आणतात आणि बघता बघता पेटीतून घर उलगडतं. हे बघायला लवकर जा, खाण्याइतकीच त्यात मजा आहे. बहुतेक गाड्या सहा-सात वाजता सुरू होतात आणि रात्री एक-दोनपर्यंत चालतात. पहाटेपर्यंत फुटपाथ धुऊन मोकळा करावाच लागतो. सुट्टीचा वार प्रत्येकाचा वेगळा, पण रविवारी बऱ्याच बंद असतात. जोराचा पाऊस किंवा वादळ आलं तर सगळंच बंद. ऑगस्ट-सप्टेंबरच्या वादळांत माझ्या दोन पाहुण्यांची फुकुओकाची एकुलती एक रात्र हॉटेलात कपनूडल्सवर गेली. जमलं तर दोन रात्री ठेवा.

ऋतू विचाराल तर थंडी. प्लास्टिकचे पडदे उतरवलेले, आत ओदेनची, म्हणजे रश्श्यात मुरणाऱ्या मुळा-अंड्यांची, वाफ, बाहेर दातावर दात. उन्हाळ्यात आत बसणं म्हणजे मे महिन्यात मुंबईत चुलीशेजारी बसणं.

गाडी कशी निवडायची

दरपत्रक बाहेरून दिसतंय का ते आधी पाहा. हा एकच नियम मी कधी मोडत नाही. सुरुवातीच्या काळात एका गाडीवर मी भिंतीवरचा न वाचता येणारा कागद पाहून, मालकाने सुचवलेलं मुकाट्याने खाल्लं आणि बिल बघून घसा कोरडा पडला. चूक त्याची किती, माझी किती, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. पण त्यानंतर किंमत दिसल्याशिवाय बसत नाही. बहुतेक गाड्यांवर आता चित्रांचं किंवा इंग्रजी मेनूकार्ड असतं.

साधारण अंदाज असा: रामेन ७०० ते १,००० येन, बिअर ६०० ते ८००. एक पेय, दोन पदार्थ आणि शेवटी रामेन असं माणशी अडीच-तीन हजार येनमध्ये होतं. शंभर येनचे साठेक रुपये धरून हिशेब करा. रोख जवळ ठेवा. काही ठिकाणी मोबाइलवरून पैसे घेतात, कार्ड सगळीकडे चालेलच असं नाही. टिप द्यायची नाही. सुट्टे ठेवून निघालात तर मालक ते घेऊन तुमच्या मागे रस्त्यावर धावत येईल.

दुसरं, आत कोण बसलंय ते बघा. मोठी रांग बघून ती सर्वांत चांगली गाडी असं समजू नका. बरेचदा ती फक्त कुणाच्या तरी व्हिडिओत आलेली असते.

चारपेक्षा जास्त माणसं असाल तर एकत्र बसायचा हट्ट सोडा. दोन-दोन, तीन-तीन करून वेगवेगळ्या गाड्यांत शिरा आणि नंतर रस्त्यावर भेटून कुणी काय खाल्लं ते सांगा. आपल्याकडच्या मोठ्या ग्रुपची याताईत होते तशी पंचाईत कुठे होत नाही. दहा माणसं शिरली की बाकीच्यांची संध्याकाळ आपोआप संपते.

पडद्यातून आत

शौचालय गाडीत नसतं. बसण्याआधी स्टेशनवर किंवा सार्वजनिक ठिकाणी जाऊन या. बिअर सुरू झाल्यावर नऊ जणांना उठवून बाहेर पडणं सोपं नाही.

पडदा थोडा बाजूला करा, मालकाशी नजर मिळवा आणि बोटं दाखवून म्हणा, ‘फुतारी, ई देस का?’ दोघांना जागा आहे का? एकटे असाल तर ‘हितोरी’, तिघे असाल तर ‘सान-निन’. तो हाताने जागा दाखवेल. तिथेच बसायचं, आवडती खुर्ची निवडायची नाही. कुणी सरकून जागा दिली तर मान लववून ‘सुमिमासेन’ म्हणा. हा एक शब्द माफी, आभार आणि ‘अहो, जरा इकडे’ या तिन्ही कामांना चालतो. मालकाला ‘ताइशो’ म्हणतात. अर्थ सेनापती, पण वापर आपल्या ‘मालक’ किंवा ‘शेठ’सारखा.

बसल्याबरोबर एक पेय सांगा. दारू पीत नसाल तर उलोंगचा, साखर नसलेला थंड चहा, हे सगळीकडे मिळणारं उत्तर आहे. कुणी नाक मुरडत नाही. मात्र प्रत्येकाने काहीतरी मागवायचं. चौघांत एक रामेन आणि चार चमचे हे इथे चालत नाही. जागा आठ माणसांची, रात्र सहा-सात तासांची, त्या हिशेबावर गाडी चालते हे लक्षात ठेवा. बाहेरचं खाणंही काढायचं नाही. माझ्या आईने पर्समधून शेंगदाण्याच्या चटणीची पुडी काढली होती, तिचा हात मी टेबलाखालीच धरला.

काय मागवायचं

कच्चं काही मिळणार नाही. साशिमी, म्हणजे कच्च्या माशाचे काप, नाही, सॅलड नाही. देण्याआधी गरम केलेलंच द्यायचं असा नियम आहे. जपानच्या नावाने सुशी खायला आला असाल तर ती दुसऱ्या दिवशी दुपारी.

सुरुवात ओदेनने करा. मुळा, अंडं, तोफू, माशाच्या वड्या मंद रश्श्यात तासन्‌तास मुरलेल्या असतात आणि सांगितल्याबरोबर समोर येतात. त्यातला मुळा, दाइकोन, मागवाच. जपानमध्ये मुळ्याचा एवढा मान का, ते एका घासात कळतं. मग काडीला टोचून भाजलेले तुकडे. याकितोरीचा अर्थ भाजलेला पक्षी असला, तरी फुकुओकात त्या नावाखाली बुताबारा, म्हणजे डुकराच्या पोटाचं मांस, बिनदिक्कत येतं आणि तेच सर्वांत खपतं. ग्योझा, म्हणजे मोमोसारखे सारण भरलेले, इथे लहान, एका घासाएवढे, तळाला खरपूस.

मेंताइको ही इथली खास चीज. पोलॉक माशाची अंडी तिखटात मुरवतात. मूळ कोरियाचं, १९४९ साली नाकासुतल्या एका दुकानाने ती जपानी चवीची करून विकायला काढली आणि आता फुकुओका म्हटलं की मेंताइको. अंड्याच्या गुंडाळीत भरून देतात ती मागवा. जपानी जेवणात तिखट शोधून थकलेल्या मराठी जिभेला इथे बरं वाटतं.

याकी-रामेन फक्त याताईतच भेटावं असं आहे. उकडलेल्या नूडल्स तव्यावर सॉस आणि थोड्या रश्श्यात परततात. तेन्जिनच्याच एका गाडीवर ते जन्मलं.

शाकाहारी आणि गोमांस न खाणाऱ्यांनी इथे थांबा

गोड बोलून उपयोग नाही: शुद्ध शाकाहारी माणसासाठी याताई अवघड जागा आहे. रामेनचा रस्सा डुकराच्या हाडांचा, ओदेनचा रस्सा माशाचा, आणि वरून मांस काढून टाकलं म्हणजे शाकाहारी झालं असं मालकाला मनापासून वाटतं. चिमटा तोच, जाळी तीच, तेल तेच. कडक पाळणाऱ्यांनी आधी दुसरीकडे जेवून घ्यावं आणि इथे नुसतं बसायला यावं.

थोडं चालवून घेणाऱ्यांना वाट आहे. आईसाठी आम्ही शिशितो, म्हणजे भाजलेल्या हिरव्या मिरच्या, शिइताके अळंबी आणि गिन्कोच्या बिया मागवल्या, तिन्ही ‘शिओ’, म्हणजे नुसत्या मिठावर. ‘तारे’ म्हटलं की सॉस येतो, तो टाळा. शिशितोत दहातली एखादीच तिखट निघते. आईला ती लागली नाही आणि तिने चारदा मागवलं. एदामामे, शेंगेतले हिरवे सोयाबीन, बऱ्याच ठिकाणी मिळतात.

चार शब्द पाठ करा. बुता म्हणजे डुक्कर, ग्यू म्हणजे गोमांस, तोरी म्हणजे कोंबडी, साकाना म्हणजे मासा. ‘ग्यूनिकु वा ताबेरारेमासेन’, मी गोमांस खात नाही, एवढं वाक्य मोबाइलवर जपानीत लिहून ठेवा आणि दाखवा. नावात ग्यू नसूनही गोमांस असलेले पदार्थ आहेत: सागारी नावाची काडी बहुधा तेच असते, मोत्सुनाबे या प्रसिद्ध हंडीतलं आतडं बहुधा बैलाचं असतं. ओदेनमध्ये ‘सुजी’ दिसलं तर विचारा.

आता रामेन

रामेन शेवटी. जपानीत याला ‘शिमे’ म्हणतात, म्हणजे आवरतं घेणं. आपला शेवटचा ताकभात जसा, तसा. फक्त ताकाच्या जागी डुकराची हाडं.

तोन्कोत्सु, म्हणजे डुकराच्या हाडांच्या रश्श्याचं, रामेन फुकुओकाचं म्हणून जगभर गेलं, पण जन्म शेजारच्या कुरुमे शहरात, १९३७ साली, तोही एका गाडीवरच. तेव्हा रस्सा बराचसा पारदर्शक होता. १९४७ साली तिथल्याच दुसऱ्या गाडीवर हंडी विसरून जास्त उकळली आणि रस्सा दुधासारखा पांढरा झाला असं सांगतात. कारण साधं आहे. हाडं खळखळ उकळत राहिली की त्यांतला चिकटपणा आणि चरबी पाण्यात घुसळून एक होतात. मंद आचेवर ते होत नाही. वास उग्र असतो, आधीच सांगून ठेवतो. पहिल्या घोटापर्यंतच जाणवतो.

नूडल्स शेवयांसारख्या बारीक आणि सरळ. हे नागाहामाच्या मासळीबाजारामुळे. लिलावाच्या मध्ये दोन मिनिटांसाठी येणाऱ्या माणसांना जाड नूडल्स शिजेपर्यंत थांबायला वेळ नव्हता. बारीक नूडल्स मिनिटभरात होतात. पण त्यांच्या पिठात पाणी कमी असल्यामुळे त्या रस्सा भराभर पितात आणि लगेच लगदा होतात. म्हणून मोठा वाडगा द्यायचा नाही. लहान द्यायचा आणि संपला की त्याच रश्श्यात नूडल्सचा दुसरा घाणा टाकायचा. याला काएदामा म्हणतात.

मागवताना नूडल्स किती कडक हव्यात ते विचारतील. ‘यावा’ मऊ, ‘फुत्सू’ नेहमीच्या, ‘काता’ कडक, ‘बारीकाता’ खूप कडक. ‘बारी’ हा इथल्या बोलीतला ‘लय’. बारीक शेवया म्हणून बारीकाता, असं लक्षात ठेवलं की मराठी माणूस विसरत नाही. त्याच्याही पुढे ‘हारीगाने’, म्हणजे तार, आणि ‘कोनाओतोशी’, म्हणजे पीठ झटकण्यापुरती पाण्यात बुडवलेली. ही शेवटची दोन शौर्य दाखवायला आहेत. पहिला वाडगा काता घ्या.

आला की फोटो एकच. गप्पा थांबवा, खा. सुर्र आवाज करायला हरकत नाही, त्याने नूडल्स निवतात. आधी काही न घालता रस्सा चाखा, मग समोरच्या डब्यांतलं लाल आलं, भाजलेले तीळ, आणि असेल तर काराशी-ताकाना, मोहरीच्या पाल्याचं तिखट लोणचं. हे लोणचं सुरुवातीलाच घातलंत तर रस्सा त्यात बुडतो. काही मालकांना त्याचा राग येतो, आणि ते बरोबरच आहेत.

काएदामा हवा असेल तर रस्सा राखून ठेवा. मी पहिल्यांदा वाडगा तोंडाला लावून तळ दिसेपर्यंत प्यायलो आणि मग ऐटीत ‘काएदामा कुदासाई’ म्हणालो. ताइशोने वाडग्यात बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि कोरड्या नूडल्स टाकल्या. शेजारच्या बाईंनी सॉसची बाटली सरकवली, हसू मात्र त्यांना आवरलं नाही. नूडल्स दोन-तीन घास उरल्या की सांगायचं, म्हणजे पहिला घाणा संपतो तेव्हा दुसरा येतो. रस्सा फिका वाटला तर टेबलावरचा रामेनचा सॉस थोडा घाला.

किती वेळ बसायचं, कसं उठायचं

तासभर पुरे. बाहेर माणसं उभी दिसली तर त्याहून कमी. ग्लास रिकामा ठेवून बसू नका. लोक एका गाडीवर दोन पदार्थ खातात, उठतात, दुसरीत शिरतात. याला हाशिगो म्हणतात, म्हणजे शिडी. एका रात्रीत दोन पायऱ्या पुरतात. तिसरीवर सहसा बिल वाचता येत नाही.

शेजारी बोलायला लागले तर बोला. कुठून आलात, हा पहिला प्रश्न. इंडिया म्हटलं की ‘करी’ येणार, त्याला हसून पुढे चला. अनोळखी चेहऱ्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. अनेक जण ऑफिसात घरी जातो म्हणून सांगून इथे आलेले असतात.

उठताना ‘ओकाइकेई ओनेगाइशिमास’, म्हणजे बिल द्या. पैसे देऊन ‘गोचिसोसामा देशिता’, म्हणजे जेवण छान झालं. इथल्या बोलीत ‘उमाका’ म्हणालात, मस्त, तर ताइशो हातातलं काम थांबवून बघेल.

शेवटची सबवे मध्यरात्रीच्या आसपास सुटते. चुकली तर तेन्जिनहून हाकाता स्टेशन चालत पंचवीस मिनिटं, रस्ता सपाट आणि उजेडाचा. आणि दुसऱ्या दिवशी तीच गाडी पुन्हा शोधायची असेल तर आजच समोरच्या इमारतीचा फोटो काढून ठेवा. दिवसा त्या जागी फक्त ओला फुटपाथ असतो.